जीर्णोद्धार आणि एक लहानसा दिवा

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवळांच्या संदर्भात नेहमी ऐकतो. परंतु जीर्ण झालेले होते तसे पुन्हा उभे करावयाचे, की आपल्या मनास रुचेल असे नवेच काही करावयाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मला तो प्रथम नीट उमगला एका मोटारीमुळे. नववीतील एका विद्यार्थ्याने वाचनालयात जुन्या अमेरिकन पोलीसगाडीचे चित्र पाहिले आणि विचारले, “सर, पुढे दोन दिवे असताना चालकाच्या काचेपाशी हा तिसरा गोल दिवा कशाला?” मी कलाशाखेचा पदवीधर, यंत्रविद्येत माझा अधिकार नाही. तरी उत्तर शोधता शोधता, अशा गाड्या मूळ रूपास आणणाऱ्या छांदिष्ट मंडळींच्या जगात मी जाऊन पोचलो.

तो दिवा म्हणजे स्पॉटलाइट, आपण झोतदिवा म्हणू. समोरच्या काचेच्या कडेस जो लोखंडी खांब असतो, त्याला भोक पाडून एक दांडी आरपार नेलेली असते. बाहेरच्या टोकास दिवा, आतल्या टोकास मूठ. मूठ फिरविली की झोत हव्या त्या दिशेस वळतो. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे डाव्या हाताने, गाडीतून न उतरता, शिपायाला घरावरचा क्रमांक वाचता येई, अंधाऱ्या बोळात डोकावता येई, थांबविलेल्या गाडीत कोण बसले आहे ते पाहता येई. कॅलिफोर्नियात तातडीच्या कामावर धावणाऱ्या पोलीसगाडीला समोरून दिसणारा तांबडा दिवा कायद्यानेच आवश्यक आहे. तेथील महामार्ग पोलिसांच्या कित्येक गाड्यांच्या छपरावर काहीच नसे. तांबड्या काचेचा झोतदिवाच ते काम करी. ब्यूइक कंपनीने १९५५ साली या दलासाठी ‘सेंचुरी’ मॉडेलच्या दोन दारांच्या गाड्या खास बनविल्या होत्या. अशा गाडीचा जीर्णोद्धार करताना दिवा चुकला, तर गाडीचे कामच चुकते.

आणि दिवा चुकणे फार सोपे आहे. गाडीची नोकरी संपली की पोलीसखाते तिच्यावरील भोंगा, बिनतारी यंत्र आणि दिवे काढून घेई, भोके बुजवी आणि गाडी लिलावात विकून टाकी. दिवा एकीकडे गेला, गाडी दुसरीकडे. पुढे पन्नास-साठ वर्षांनी कोणी ती गाडी घेतो, खांबावरचा रंग खरवडतो आणि त्याखाली बुजविलेले भोक सापडते. येथे दिवा होता, एवढी साक्ष ते भोक देते. कोणता होता, ते सांगत नाही.

मग शोध सुरू होतो. शिकागोच्या युनिटी कंपनीचे झोतदिवे पोलीसगाड्यांवर वर्षानुवर्षे दिसत. शिकागोच्याच ॲपलटन कंपनीचे दिवे सजविलेल्या गाड्यांच्या शौकिनांना इतके प्रिय झाले की अस्सल जोडीला आता मोठी किंमत पडते आणि हुबेहूब नकलाही निघाल्या आहेत. नुसत्या शोभेसाठी बसविण्याचे, न पेटणारे दिवेही एके काळी विकले जात. बरे, दिवा मिळाला तरी ब्रॅकेट मिळावे लागते. खांबाचा उतार प्रत्येक मॉडेलचा निराळा, आणि डाव्या बाजूचे ब्रॅकेट उजव्या बाजूस चालत नाही. त्यानंतर विजेचा प्रश्न. फोर्ड कंपनीच्या गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्या होत्या, १९५६ पासून बारा व्होल्टच्या झाल्या. सहा व्होल्टचा ४५१५ क्रमांकाचा दिवा आणि बारा व्होल्टचा ४४३५ क्रमांकाचा दिवा यांचा व्यास सारखाच, पावणेसहा इंच. परंतु पहिला बारा व्होल्टवर लावला तर जळून जातो, आणि दुसरा सहा व्होल्टवर मिणमिणतो.

याचा निवाडा कोणी करावा? माझ्या मते पुराव्याने. गाडी सेवेत असताना काढलेले, साल माहीत असलेले छायाचित्र हा उत्तम पुरावा. संग्रहालयातील दुरुस्त गाडीचे छायाचित्र हा नव्हे. कारण तेथे एकाने केलेली चूक दुसरा प्रमाण मानून गिरवितो. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे दरवर्षी ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. तेथे योग्य दिव्यासाठी टेबलामागून टेबल धुंडाळणारी माणसे मला हास्यास्पद वाटत नाहीत.

यावर आक्षेप येतो की, मिरवणुकीत गाडी पाहून टाळ्या पिटणाऱ्या मुलाला युनिटी काय आणि ॲपलटन काय! आमच्या घरच्या कोंकणीत अशा वेळी ‘चलता’ म्हणतात. आक्षेप अगदीच पोकळ नाही. सर्वांपाशी वेळ आणि पैसा नसतो, आणि नक्कल बसविणे हे पाप नव्हे. मात्र ती नक्कल आहे असे सांगावे. मूळ दिवा सापडेपर्यंत बुजविलेले भोक तसेच ठेवले तरी गाडीला कमीपणा येत नाही. पण जी गाडी कधी पोलिसांची नव्हतीच, तिच्या धडधाकट खांबाला भोक पाडून तिला पोलीसगाडी म्हणून मिरविणे मला मुळीच मान्य नाही. ते भोक पुन्हा न पाडल्यासारखे होत नाही, आणि उद्याच्या संशोधकाला ते खोटी साक्ष देत राहते. त्या टाळ्या पिटणाऱ्या मुलाला खरेखोटे पारखता येत नाही, म्हणूनच तर त्याला खरे दाखविण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

हे लिहिताना मला माझ्या गावचे देऊळ आठवते. माझ्या लहानपणी तेथे कोरीव लाकडी खांब होते. जीर्णोद्धारात ते गेले आणि गुळगुळीत फरशी मढविलेले नवे खांब आले. जुन्या खांबांवर काय कोरले होते, हे आज मला नीट सांगता येत नाही, आणि मला विचारणाऱ्या मुलांना तर ते कधीच दिसणार नाही. कोणी एक छायाचित्र जरी काढून ठेवले असते!

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही हाती उद्या काही जुने येईल. आजोबांचे घड्याळ असेल, आजीची समई असेल, दप्तरातील एखादी पिवळी पडलेली वही असेल. ते दुरुस्त करण्याआधी ते कसे होते याची नोंद करा. जे ठाऊक आहे तेच त्यात भरा, आणि जे नवे घातले ते नवे म्हणून सांगा. जुन्याचा मान राखण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी ठाऊक नाही.