हाकेला ओ कोणत्या भाषेत?

बीदर जिल्ह्यातील औराद किंवा भालकी तालुक्यातल्या एखाद्या मराठी घरात अपरात्री कोणी अत्यवस्थ झाले, तर घरचा माणूस आता बैलगाडी जुंपायला धावत नाही. तो खिशातला मोबाइल काढून १०८ क्रमांक लावतो. पलीकडून स्वाभाविकपणेच कानडीत विचारणा होते. गाव कोणते, रुग्णाला काय होते आहे, रस्ता कोणीकडून, या प्रश्नांची उत्तरे देताना अशा वेळी मातृभाषेतही जीभ अडखळते. परभाषेत तर विचारायलाच नको. त्यातून गाव अगदी शिवेवरचे असेल आणि मोबाइलने उदगीर वा देगलूरच्या अंगाचा टॉवर पकडला असेल, तर हाच फोन महाराष्ट्राच्या केंद्राकडे जाण्याचा संभव असतो. तेथे भाषा जुळते, पण रुग्णवाहिका कर्नाटकाची हवी असते. राज्य जुळले तर भाषा चुकते आणि भाषा जुळली तर राज्य चुकते, अशा कात्रीत सीमाभागातला माणूस सापडला आहे.

ही कात्री आजची नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान निजामाच्या जोखडातून मुक्त झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन भाग झाले. बीदर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. मात्र बीदर जिल्ह्यातलेच उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्याला मिळाले. एका जिल्ह्याचे असे तुकडे झाले, पण सोयरिकी काही तुटल्या नाहीत. निलंग्याची लेक आजही भालकीला सासरी जाते. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा आणि महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ८६५ गावांविषयी केलेला ठराव हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. तो वाद आम्ही येथे पुन्हा उकरून काढू इच्छीत नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर माणसे जगत असतात, आजारी पडत असतात आणि फोन करीत असतात. आमचा प्रश्न तेवढ्यापुरता आहे.

या प्रश्नाचे उत्तर फोनच्याच पोटात दडले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल. पूर्वी ट्रंक कॉल लावताना एक्स्चेंजमधील ऑपरेटर 'कोण बोलतंय, कोठून बोलताय' असे विचारी आणि मग जोडणी करून देई. ४-जी आल्यापासून आवाज हाही संगणकी माहितीच्या रूपाने धावू लागला आहे. जोडणी करणाऱ्या नियमावलीला 'सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल', थोडक्यात 'सिप', असे म्हणतात. तिचे आज प्रचलित असलेले मूळ स्वरूप जून २००२ मध्ये निश्चित झाले. या पद्धतीत प्रत्येक कॉलच्या पुढे एक लिखित मजकूर चालतो. त्याला 'हेडर' म्हणतात. आपण त्याला हाकेचा लिफाफा म्हणू. कोणाकडून, कोणाला, हे त्यावर असते. फोन कोणत्या टॉवरवरून निघाला, हे कळवण्यासाठी 'पी-ॲक्सेस-नेटवर्क-इन्फो' नावाचा रकाना असतो. उत्तरातील लिखित मजकूर कोणत्या भाषेत हवा, हे सांगण्यासाठी 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' हा रकाना २००२ च्या नियमावलीतच आहे. आणि बोलण्याची भाषा कोणती असावी हे जोडणीच्या वेळीच ठरवण्याची स्वतंत्र पद्धत २०१८ मध्ये जगापुढे आली. म्हणजे सोय आहे. ती वापरण्याची इच्छा नाही, एवढेच.

आज मदतकेंद्रांची यंत्रे भाषा ठरवतात ती बहुधा परिमंडळावरून. कर्नाटक परिमंडळाचा क्रमांक, म्हणून भाषा कानडी, असा हा हिशोब. पण क्रमांक सांभाळून देशभर कोठेही जाण्याची मुभा २०१५ पासून आहे. पुण्यात घेतलेले सिमकार्ड भालकीत वाजते आणि कलबुर्गीचे हैदराबादेत. क्रमांक म्हणजे मुक्काम नव्हे, आणि मुक्काम म्हणजे भाषा नव्हे. आळंद तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्याच्या बाबतीत यंत्राचा हा तर्क पहिल्याच पायरीवर घसरतो.

यावर कोणी म्हणेल की, सीमाभागातला माणूस बहुभाषी आहे. मराठी, कानडी, उर्दू आणि थोडीफार तेलुगूही त्याला समजते, मग अडते कोठे? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. बाजारात त्याचे खरोखरच अडत नाही. परंतु अडते ते म्हाताऱ्या आईचे, नुकत्याच सासरी आलेल्या निलंग्याच्या लेकीचे आणि संकटात गोंधळलेल्या प्रत्येकाचे. शिवाय दैन्य असे की, यंत्रात मराठीची कळ असलीच आणि ती दाबलीच, तरी फोन पुढच्या माणसाकडे जाताना ती निवड वाटेतच गळून पडते आणि सारी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. एकाच संस्थेच्या यंत्रणेत ही निवड हेडरमधून पुढे धाडणे ही तंत्रज्ञांच्या लेखी अगदी साधी गोष्ट आहे. त्यासाठी राज्यांच्या सीमा हलवाव्या लागत नाहीत.

मात्र लिफाफ्यावर लिहिलेले सारेच खरे मानून चालणार नाही. बीदरच्या दरबाराशी निगडित असलेली मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कोणा मराठी माणसाला ठाऊक नाही? दुष्काळात सरकारी कोठारातले धान्य लोकांना वाटल्याबद्दल पंतांना पकडून नेत असता, विठू महाराचे रूप घेतलेला पांडुरंग दरबारात गेला, आपण दामाजीचा सेवक असल्याचे त्याने सांगितले आणि मोबदला भरून पावती घेतली. तेथे सांगितलेले नाव एक आणि आलेला दुसराच होता; पण आला तो देव होता. आज नाव एकाचे सांगून येतो तो बहुधा भामटा असतो. 'फ्रॉम' या रकान्यात पाठवणारा वाटेल ते लिहू शकतो. 'डिजिटल अटके'ची भीती घालून लोकांना लुबाडणाऱ्यांनी याच फटीचा लाभ उठवला. परदेशातून येणारे, पण भारतीय क्रमांक दाखवणारे फोन अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवल्याचे सरकारने सांगितले. अमेरिकेने तर मोठ्या कंपन्यांना जून २०२१ अखेरपर्यंत कॉलवर सहीशिक्का उमटवण्याची सक्ती केली. तात्पर्य, कॉल करणाऱ्याने स्वतः लिहिलेला रकाना आणि कंपनीने तपासून लिहिलेला रकाना यांत भेद केलाच पाहिजे. मदतकेंद्राने विश्वास ठेवायचा तो दुसऱ्यावर.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे आणि आम्हांला तो अधिक गंभीर वाटतो. जेथे भाषिकांची डोकी मोजून दावे मांडले जातात आणि खोडले जातात, तेथे कोणत्या गावातून कोणत्या भाषेत किती फोन आले, ही नोंद म्हणजे आयतीच शिरगणती होईल. आज सोय म्हणून सांगितलेली भाषा उद्या पुरावा म्हणून वापरली गेली, तर माणूस मराठीची कळ दाबताना दहा वेळा विचार करील. म्हणून भाषा ही यंत्राने ताडून काढायची नाही, नागरिकाने आपण होऊन निवडायची. आणि ती नोंद त्या सेवेपलीकडे कोणाच्याही हाती जाता कामा नये. संमती आणि विशिष्ट हेतू ही २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातील तत्त्वे येथे कसोशीने पाळली गेली पाहिजेत.

भारतीय संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. संविधानकर्त्यांच्या डोळ्यांपुढे कागदी अर्ज होता. आज गाऱ्हाणे फोनवरून मांडले जाते. तेव्हा हक्कही फोनवर पोहोचला पाहिजे. ही मागणी एकट्या मराठीची नाही. जत आणि अक्कलकोटच्या कानडी भाषिकाला महाराष्ट्रात तोच न्याय मिळाला पाहिजे. गोवा दूरसंचारासाठी महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. त्यामुळे परिमंडळावरून भाषा ठरवली की कोंकणीचे काय होते, हे गोमंतकीयांना निराळे सांगायला नको. आणि आपल्याकडे बांधकामावर राबणाऱ्या उत्तर कर्नाटकातल्या मजुराची हाक आपण कोणत्या भाषेत ऐकतो, हेही स्वतःला विचारावे.

कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी एवढे तरी करावे: सीमेवरील टॉवरवरून आलेला तातडीचा फोन एका केंद्राने दुसऱ्याकडे टॉवर व भाषा यांच्या माहितीसह, मध्ये न तोडता सोपवावा. याला न्यायालयाचा निकाल लागत नाही, आयोग लागत नाही, ठरावही लागत नाही. ज्या बसवकल्याणाने बसवेश्वरांचा समतेचा संदेश ऐकला, त्या भूमीतल्या माणसाला संकटकाळी निदान आपल्या भाषेत ओ मिळावी, ही अपेक्षा अवास्तव आहे असे कोण म्हणेल?