रिकामे जोते

बर्गामाला जाऊन आलो म्हटले की मंडळी विचारतात, "काय पाहिलेत?" मी सांगतो, एक रिकामे जोते पाहिले.

तुर्कस्तानातल्या इझमीरच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर हे लहानसे गाव आहे. प्राचीन पर्गमॉन ते हेच. घरांच्या गर्दीत लाल विटांचे अवाढव्य रोमन मंदिर उभे आहे. वर डोंगराच्या उभ्या उतारावर सुमारे दहा हजार प्रेक्षक बसतील असे नाट्यगृह आहे. तिथून जवळच पायऱ्यापायऱ्यांचे एक दगडी जोते, आणि त्यावर वाढलेली पाइनची झाडे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली महावेदी इथे होती. तिच्याभोवती देवदैत्यांच्या युद्धाचा ११३ मीटर लांबीचा शिल्पपट्ट होता. आज तो बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

१८७८ साली कार्ल हूमान या जर्मन इंजिनिअराने इथे खोदकाम सुरू केले. ही चोरी नव्हती, हे मी मान्य करतो. ऑटोमन सरकारची परवानगी होती. सरकारने आपला वाटाही पैसे घेऊन सोडला. गावातले लोक संगमरवर भट्टीत घालून चुना भाजत होते आणि हूमानने ते थांबवले, हेही खरे. उपकारच झाले! पण शेजाऱ्याच्या घरची आग विझवणाऱ्याने जाताना त्याचा देव्हारा काखेत मारावा, ही रीत कुठल्या गावची? आणि धन्याला न विचारता दिवाणजीने वाडा विकला, तर कागद पक्का म्हणून व्यवहार चोख ठरतो काय?

"आमच्याकडे सुरक्षित आहे," हे उत्तर ठरलेले. पण ऐका. १९४५ साली रशियन सैन्याने हीच शिल्पे बर्लिनहून लेनिनग्राडला नेली. १९५८-५९ मध्ये ती परत आली. 'तिथे नीट आहेत ना, मग राहू द्या तिथेच,' असा उपदेश तेव्हा बर्लिनकरांना कुणी केला असता, तर तो त्यांना रुचला असता का? चौदा वर्षांत बर्लिनला मिळाला तो न्याय बर्गामाला दीडशे वर्षे होत आली तरी मिळू नये!

आणखी एक गंमत. हूमान १८९६ साली इझमीरला वारला. १९६७ साली त्याच्या अस्थी इथे आणून याच डोंगरावर पुरल्या. वेदी नेणारा परत आला. वेदी आली नाही. गावाने मात्र त्याला जागा दिली.

या दिवाळीत तुमच्या अंगणात मुलांनी किल्ला केला असेलच. त्यावरचे मातीचे महाराज शेजारच्या काकांनी "तुमच्याकडे फुटतील हो," म्हणून उचलून आपल्या काचेच्या कपाटात ठेवले, तर तुमचे पोर काय म्हणेल? बर्गामाचे म्हणणे त्याहून एका शब्दाने जास्त नाही.