लपू नकोस, बाहेर ये

रांगायला लागलेल्या बाळाला आपण आगीविषयी पहिल्यांदा शिकवतो तो धाक. ‘हात लावशील तर चटका बसेल’, ‘गॅसपाशी गेलास तर बघ’. त्या वयाला ते बरोबरच आहे. उकळत्या दुधाच्या पातेल्याकडे झेपावणाऱ्या मुलाला कारणे समजावत बसायला वेळ नसतो. पण पोर चार-पाच वर्षांचे झाले तरी आपला धडा तिथेच थांबलेला असतो. आग लागू नये म्हणून काय करू नये, हे त्याला तोंडपाठ असते. लागलीच तर काय करायचे, हे कुणी सांगितलेले नसते.

मग ते लपते. जळत्या घरात शिरलेले जवान पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात शोध घेतात, कारण घाबरलेले लहान मूल तिथेच जाऊन बसते. काचेचा पेला फुटल्यावर पडद्यामागे जाते, तसेच. त्यातून काडेपेटी त्याच्याच हातात असेल, तर आईच्या हाकेलाही ते ओ देणार नाही. म्हणून मला वाटते, या शिक्षणातला पहिला धडा घरातल्या मोठ्यांचा आहे. एखाद्या निवांत दुपारी मुलाला जवळ घेऊन सांगायचे, ‘कधी काही पेटले तर ओरडत बाहेर ये. कुणी पेटवले हे मी विचारणार नाही आणि मारणार तर मुळीच नाही.’ हा शब्द पाळायलाही हवा. चादरीला भोक पडले म्हणून एकदा थोबाडीत बसली, की पुढच्या वेळी ते मूल सांगायला येणार नाही.

लपण्यामागे आणखी एक भीती असते. मुलांना बंबाचे वेड असते, लाल गाडी आणि तिची घंटा त्यांना पाठ असते. पण धुरातून येणारा जवान त्यांनी पाहिलेला नसतो. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची नळकांडी आणि श्वासाची घरघर. चार वर्षांच्या मुलाला तो राक्षसच वाटेल, आणि वाचवायला आलेल्या हातांपासून ते दूर पळेल. यावर उपाय सोपा आहे. मुलांना अग्निशमन केंद्रात न्यावे आणि जवानाला विनंती करावी, की त्यांच्या देखत मुखवटा चढवा, चढवल्यावर त्यांच्याशी बोला, मग काढा. मुखवट्याआड काकाच आहेत, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असावे.

त्यासाठी मुहूर्तही आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन स्फोटकेही. आग विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळांत तेव्हा परीक्षांचे दिवस असतात हे मान्य. पण बालवाडीला कसली परीक्षा?

बाकीचे शरीराला शिकवायचे. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. म्हणून घरातच खेळ मांडावा: ‘धूर आला!’ म्हटले की सगळ्यांनी, आजोबांनासुद्धा जमत असेल तर त्यांनीही, गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत जायचे. कपडे पेटले तर पळायचे नाही. थांबायचे, खाली पडायचे, तोंड हातांनी झाकून लोळायचे. हे मात्र फक्त अंगावरचे कपडे पेटले तरच, हे पुन:पुन्हा सांगावे. नाहीतर खोलीत धूर झाला तरी मूल तिथेच लोळत बसेल. बाहेर पडल्यावर खेळण्यासाठी किंवा मांजरासाठी परत आत जायचे नाही, हे सर्वांत अवघड. मांजर घरात असेल तर ते जवानाला सांगायचे.

पण मुलांना शिकवून आपण हात झटकू शकत नाही. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुले गेली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि वर्गांवरच्या गवताच्या छपराने पेट घेतला. जिना अरुंद होता. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभाचा मंडप पेटून चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले होती. त्या मुलांना काय येत होते आणि काय नव्हते, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. छप्पर, जिना, मंडप ही सगळी मोठ्यांची कामे होती. आपल्याकडे स्नेहसंमेलने आजही मंडपात होतात. मुलाच्या नाचाचा व्हिडिओ काढण्याआधी बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्या मोकळ्या आहेत का, हे आपण पाहावे, आणि मुलालाही दाखवावे. घराच्या खिडकीला पिंजऱ्यासारखी जाळी ठोकली असेल तर तिला उघडणारा भाग ठेवावा आणि त्याची किल्ली कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. आणि भाजलेच तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नये. वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे, मग डॉक्टर.

राहता राहिला फोन. बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ लावायचा, हे मुले चटकन शिकतात. फोन लॉक असला तरी आपत्कालीन कॉल करता येतो, तेही दाखवून ठेवावे. अडते ते पुढे, पलीकडून ‘कुठून बोलतोस?’ विचारल्यावर. ‘आमच्या घरून’ एवढेच उत्तर येते. इमारतीचे नाव, मजला, रस्ता आणि जवळची ठळक खूण, म्हणजे दत्तमंदिर किंवा पाण्याची टाकी, एवढे मुलाला न अडखळता सांगता येईपर्यंत रोज जेवताना म्हणून घ्यावे.