का म्हनते थो?

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. एक फराळाची, ती गृहिणीच्या डोक्यात असते आणि तीत वर्षानुवर्षे फरक पडत नाही. दुसरी खरेदीची, ती कागदावर असते, तीत रोज फरक पडतो, आणि शेवटी घरात जे येते ते बहुधा तीत नसतेच. आमच्या वडिलांच्या पिढीत या दुसऱ्या यादीच्या शेंड्यावर रेडिओ होता. पुढे त्याची जागा टीव्हीने घेतली. आता टीव्ही भिंतीएवढा झाला आहे, आणि तो भिंतीएवढा झाल्यावर त्याचा आवाज मात्र टाचणीएवढा वाटू लागला आहे. म्हणून यादीवर नवे नाव चढले आहे: होम थिएटर.

तक्रार खोटी नाही. टीव्ही जसजसा पातळ होत गेला तसतशी त्याच्या पोटातील स्पीकरची जागा कमी होत गेली. बहुतेक संचांत ते बिचारे तळाशी किंवा पाठीमागे तोंड करून बसलेले असतात. समोर नायक आपल्याकडे पाहून बोलतो आणि त्याचा आवाज भिंतीवर आपटून येतो. तेव्हा निराळे स्पीकर आणि ते चालविणारा रिसीव्हर घ्यावा असे कोणाला वाटले, तर त्याला उधळ्या म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की घेताना काय पाहावे?

मी ज्या मुलखात राहतो तेथे थिएटर या गोष्टीविषयी लोकांची मते पक्की आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली, तसेच शेजारचे भंडारा-गोंदिया, या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले, भाऊबीज झाली, की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो पार शिमग्यापर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे नाटक मंडळ्यांचे माहेर. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि उजाडेतो नाटक चालते. याच रंगभूमीवरचे विनोदी नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईकडील पुष्कळांना झाडीपट्टी हे नाव प्रथमच ऐकू आले. येथल्या प्रेक्षकांना त्या बातमीचा आनंद झाला. नवल मात्र वाटले नाही.

या नाटकांना ध्वनिक्षेपक असतात, वाद्ये असतात, गाणी तर भरपूर असतात. पण मांडवाच्या शेवटच्या टोकाला कांबळे पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत नटाचा शब्द पोचला नाही तर तो म्हातारा गप्प बसत नाही. उघड्यावर आवाजाचा हिशेब कडक असतो. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते, आणि तिथे त्याला आधार द्यायला भिंत नसते. म्हणून झाडीपट्टीचा नट शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत नीट टाकतो. विजेचा कडकडाट झाला नाही तरी प्रेक्षक चालवून घेतात. शब्द गिळलेला मात्र चालवून घेत नाहीत.

दुकानात नेमकी उलटी रीत आहे. तेथे कडकडाट आधी ऐकवितात, आणि कडकडाटाची भाषा म्हणजे वॅट. खोक्यावर हजार वॅट लिहिलेले पाहिले की घरातल्या चिरंजिवांचे डोळे चमकतात. त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ असे लिहिले असेल तर तो आकडा क्षणभराच्या उसळीचा समजावा, आणि उसळीला काही धरबंध नसतो. पाहावयाचा तो आरएमएस म्हणजे सतत देता येणारा वॅट, आणि तोही एकच चॅनेल चालू असताना मोजला आहे की दोन्ही, हे विचारून घ्यावे. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने पातळी फक्त 3 डेसिबल चढते. कानाला दुप्पट वाटावयास साधारण दहापट वॅट लागतात. उलट स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा एक आकडा असतो, त्याकडे कोणी पाहत नाही. एक वॅट दिला असता एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, हे तो आकडा सांगतो. 89 डेसिबलच्या स्पीकरला 50 वॅट दिले की 86 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॅट दिल्याइतकाच आवाज होतो. बारा बाय चौदाच्या खोलीत नेहमीच्या बोलण्याला तर एखादा-दुसरा वॅटसुद्धा पुष्कळ होतो. बाकीचे वॅट स्फोटांसाठी राखून ठेवलेले असतात.

आता आमच्या घराचे सांगतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती ब्रह्मपुरीकडची, लहानपणी बैलगाडीतून नाटकांना गेलेली, आणि अजूनही कोणत्या नाटकात कोणत्या खलनायकाला बायकांनी मांडवातूनच शिव्या घातल्या ते सांगणारी. गेली काही वर्षे टीव्हीसमोर बसली की ती दर दोन मिनिटांनी विचारायची, “का म्हनते थो?” म्हणजे, काय म्हणतो आहे तो? आम्ही सांगायचो. कधी मुलगा सांगायचा, कधी सौ. सांगायची, आणि सांगता सांगता पुढचे वाक्य आमचेही निसटायचे. मग कोणाच्या तरी “थांब ग आजी, नंतर सांगतो” मध्ये थोडा त्रासिकपणा यायचा. या पावसाळ्यात सौ.च्या एकाएकी ध्यानात आले, की आईने विचारणेच सोडून दिले आहे. ती बसते, पडद्याकडे पाहते, आम्ही हसलो की हसते आणि मध्येच उठून देवघरात जाते. त्या दिवसापासून आमच्या यादीवरील होम थिएटर ही चैनीची बाब राहिली नाही.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि तसे जावेच. कानातला मळ आणि वयाचा बहिरेपणा यांतला फरक दुकानदाराला कळत नसतो. दोष वयाचाच निघाला. वयाबरोबर प्रथम उतरतात ते वरच्या पट्टीचे सूर, आणि आम्हा भाषा शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने हेच मोठे दुर्दैव आहे. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण अर्थ पुष्कळसा व्यंजनांत असतो. पान, दान, मान, कान, थान या सगळ्यांतला ‘आ’ आईला स्वच्छ ऐकू येतो. अडते ते पहिल्याच अक्षरापाशी. स, श, त, थ, फ ही अक्षरे तर नुसत्या वाऱ्यासारखी. पार्श्वसंगीताची एक लाट आली की वाहून जातात. आवाज वाढविला की लाटही वाढते. म्हणून म्हातारी माणसे एकाच वेळी दोन तक्रारी करतात: ऐकू येत नाही, आणि फार मोठा लावला आहे. दोन्ही खऱ्या असतात. कानाचे यंत्र आईला मिळाले आहे. पण यंत्रालासुद्धा समोरून स्वच्छ शब्द यावा लागतो.

येथे होम थिएटरची एक गोष्ट आमच्या कामास आली. सिनेमाचा आवाज ‘पाच पॉइंट एक’ पद्धतीने तयार करतात, त्यात पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचे दोन आणि घुमारा देणारा सबवूफर अशी विभागणी असते. संगीत, पाऊस, गर्दी हे इकडे तिकडे वाटलेले असतात. संवाद मात्र बहुतेक सगळे मधल्या स्पीकरला दिलेले असतात. म्हणजे शब्दाला स्वतःचे आसन आहे. आणि रिसीव्हरमध्ये त्या एकट्या मधल्याचा आवाज दोन-तीन डेसिबल चढविण्याची सोय असते. दुकानात पाचांपैकी सर्वांत कमी कौतुक त्याचेच होते, कारण तो ना उंच असतो ना देखणा.

आम्ही आईला घेऊनच नागपूरला गेलो. दुकानातील खोली थंडगार, जमिनीवर गालिचा, भिंतींना जाड कापड. तरुण विक्रेत्याने दिवे मंद केले आणि एक इंग्रजी युद्धपट लावला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले, पूल उडाला, खुर्च्या हादरल्या. आई वाकून म्हणाली, “का म्हनते थो?” विक्रेता नम्रपणे म्हणाला, “आजी, अजून कोणी काही बोललंच नाही.”

मग मुलाने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यावर एका मराठी नाटकाचे घरगुती तंट्याचे दहा मिनिटांचे चित्रण होते: चार माणसे, एक स्वयंपाकघर आणि एकमेकांच्या वाक्यावर पडणारी वाक्ये. तेच दहा मिनिटे तीन निरनिराळ्या मधल्या स्पीकरांवर लावले, आवाजाची पातळी सारखी ठेवून. कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. पहिल्यावर आईने दोनदा विचारले. दुसऱ्यावर एकदा. तिसऱ्यावर तिने काहीच विचारले नाही, तेव्हा मी घाबरून तिच्याकडे पाहिले. ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, “थो खोटा बोलते.” तो खरोखरच खोटे बोलत होता, ते नाटकात पुढे उघडकीस यावयाचे होते. तिसरा स्पीकर तिघांत मधल्या किमतीचा होता. तोच घेतला, आणि त्याच घराण्यातले डावे-उजवे घेतले, म्हणजे आवाज एका बाजूने दुसरीकडे गेला तरी त्याचा रंग बदलत नाही. मागचे दोन आणि सबवूफर पुढील वर्षाच्या बोनसवर ठेवले. रिसीव्हर तेवढा पाच चॅनेलचा घेतला, कारण तो पुन्हा पुन्हा घेतला जात नाही. टीव्हीशी एकाच एचडीएमआय तारेने जोडला जाईल आणि स्पीकरच्या ओहमना झेपेल, एवढे पाहिले. आठ ओहमसाठी बनविलेल्या रिसीव्हरला चार ओहमचे स्पीकर लावणे म्हणजे एका बैलाच्या मानेवर दोघांचे जू ठेवणे.

मात्र दुकानातला आवाज घरी येत नसतो. घरी येतात ती फक्त खोकी. आमच्याकडे भिंती गुळगुळीत आणि फरशी उघडी; एक शब्द बोलावा तर त्याची दोन भावंडे पाठोपाठ येतात. या दुखण्याचा शोध 1895 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात लागला. तेथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. प्राध्यापक पुढच्या वाक्यावर गेले तरी मागचे वाक्य खोलीत फिरतच असे. वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरील गाद्या रात्री उचलून आणल्या, व्याख्यानगृहात पसरल्या, मोजमाप केले आणि सकाळी परत नेऊन ठेवल्या. कापूस आणि कापड प्रतिध्वनी गिळतात, आणि किती गिळतात याचे गणित मांडता येते, हे त्याने दाखविले. आम्ही गणित मांडले नाही. जाड पडदे लावले, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि माझे पुस्तकांचे कपाट मागच्या भिंतीला सरकविले. त्या कपाटाचा घराला काही उपयोग आहे हे सौ.ने प्रथमच मान्य केले.

मांडणीचे नियम थोडे आहेत. मधला स्पीकर कपाटाच्या कप्प्यात कोंबू नये. टीव्हीखाली ठेवून त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे किंचित वर करावे. डावे-उजवे मधल्या रेषेपासून सुमारे 30 अंशांवर, बसल्यावर कानाच्या उंचीला. रिसीव्हरबरोबर छोटा मायक्रोफोन मिळाला असेल तर तो बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर धरावा. यंत्र अंतरे मोजून आपले आपण जुळवून घेते. आम्ही तो आईच्या खुर्चीत ठेवला. रात्री पाहावयाचे असेल तेव्हा ‘नाइट मोड’ लावावा. त्याने स्फोट खाली येतात आणि कुजबुज वर येते. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा रिसीव्हरच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी सोडावी आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घालू नये. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढावा. सबवूफर आणाल तेव्हा कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात तो उगाच घुमतो आणि त्याचा घुमारा भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या उशापर्यंत जातो. वस्तीत रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि शेजारच्या घरातही कोणाचे तरी म्हातारपण झोपलेले असते.

गंमत अशी, की ज्या रे डॉल्बीचे नाव आज या प्रत्येक खोक्यावर छापलेले असते, तो लंडनला 1965 साली आपली प्रयोगशाळा काढण्यापूर्वी दोन वर्षे भारतातच संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून राहिला होता. त्याचे पहिले नाव झाले ते आवाज मोठा करण्यासाठी नव्हे, तर ध्वनिफितीतली खरखर काढून टाकण्यासाठी. खोके घेताना हे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

तेव्हा या दिवाळीत दुकानात जाणार असाल तर मित्रांपैकी जो आवाजातला जाणकार असेल त्याला घरी राहू द्या. घरात ज्याला सर्वांत कमी ऐकू येते त्याला बरोबर घेऊन जा, आणि त्याच्यासमोर तुमच्या भाषेतले साधे बोलणे लावा. निवड तोच करील. तुम्ही फक्त पैसे द्यावयाचे आहेत. आणि नुसतेच थिएटर पाहावयाचे असेल, तर भाऊबीजेनंतर इकडे या. वडसा स्टेशनवर उतरा आणि कोणत्या गावाला आज नाटक आहे ते पहिल्या चहावाल्याला विचारा. कांबळे मात्र स्वतःचे आणा. पहाटे गारठा असतो.