आपला नंबर येईपर्यंत

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि त्यांच्याबरोबर गेलेली लहान मुले साखर कारखान्याच्या परिसरातील कोप्यांत हंगाम काढून उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा अंगणवाडीतले सवंगडी त्यांना नव्याने जोडावे लागतात. म्हणूनच सामाजिक कौशल्ये, म्हणजे आपला नंबर येईपर्यंत थांबणे, खेळणी वाटून घेणे, राग शब्दांत सांगणे, हा या अंकाचा विषय आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला बालशिक्षण थेट मुलांच्या अंगणात नेले. तीच दिशा या अंकातील लेखांनी धरली आहे. गोलात बसून चेंडू ज्याच्याकडे टाकायचा त्याचे नाव आधी घ्यायचे, एवढ्या साध्या खेळातही परतलेल्या मुलाचे नाव वर्गाच्या तोंडी पुन्हा रुळते आणि इतरांना हाक मारण्याचा धीर त्यालाही येतो. अक्षरओळखीची घाई झालेल्या पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. आमच्या मते मात्र तो अभ्यासाचाच वेळ आहे.

अंगणवाडीसेविका, बालवाडीशिक्षक आणि विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी आपले अनुभव, मतभेद असतील तर तेही, अवश्य कळवावेत.