फोर्क बदला, पण आधी ट्रेल मोजा

जुन्या मोटारसायकलीला नव्या, शर्यतीच्या धाटणीच्या गाडीचा पुढचा फोर्क बसवण्याची हौस अनेक देशांत आढळते. १९६९ साली बाजारात आलेली होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० आणि सुझुकीच्या जीएसएक्स-आर मालिकेतील गाडीचा उलटा फोर्क, ही जोडी तर हौशी मंडळींची विशेष आवडती. या बदलाला माझा विरोध नाही. जुने यंत्र काचेच्या कपाटात ठेवावे, असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. माझी तक्रार एवढीच, की सोनेरी नळ्या पाहून फोर्क निवडला जातो आणि गाडीचे वळणे ज्यावर अवलंबून असते तो आकडा मोजायचा राहून जातो.

आधी फायदा पाहू. साध्या फोर्कमध्ये बारीक नळी वर व जाड नळी खाली चाकाशी असते. उलट्या फोर्कमध्ये याच्या बरोबर उलट. ब्रेक दाबला की फोर्कला वाकवू पाहणारा जोर हँडलखालच्या पकडपट्टीजवळ सर्वांत जास्त असतो. तेथेच जाड नळी आली, हे उत्तमच. भिंतीची जाडी त्याच प्रमाणात धरली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. होंडाची नळी ३५ मिलिमीटरची, उलट्या फोर्कची वरची नळी सुमारे ५० मिलिमीटरची. गुणोत्तराचा चौथा घात काढा; उत्तर ४.२ च्या आसपास येईल. पण ही जाड नळी ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश. हाती उरते जेमतेम दीडपट. जाहिरातीत हा भागाकार सहसा नसतो!

आता तो आकडा. हँडल ज्या तिरक्या आसाभोवती फिरते तो आस कल्पनेने जमिनीपर्यंत वाढवा. चाक जेथे टेकते त्याच्या थोडा पुढे तो जमिनीला मिळेल. या दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे ट्रेल. चाकाचा टेकणारा बिंदू मागे असल्यामुळे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. ट्रेल घटला तर हँडल चंचल होते, फार वाढला तर जड.

आस उभ्या रेषेशी करतो तो कोन, चाकाची त्रिज्या आणि चाकाचा मध्य आसाच्या जितका पुढे असतो ते अंतर (यालाच ऑफसेट म्हणतात), एवढे कळले की पुरे. त्रिज्येला कोनाच्या साइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा आणि कोसाइनने भागा. मूळ होंडाचा कोन २७ अंश, ट्रेल ९५ मिलिमीटर. नव्या फोर्कबरोबर १७ इंची चाक येते. त्याची त्रिज्या टायरसह सुमारे ३०० मिलिमीटर, ऑफसेट ३० च्या आसपास. कोन तोच राहिला तर ट्रेल ११९ होतो. परंतु नवा फोर्क आखूड आणि चाकही लहान, म्हणून गाडीचे नाक खाली येते. कोन २५ अंश झाला असे धरा, ट्रेल १०७. आता कोणी जुन्या गाडीसारखा ६० मिलिमीटर ऑफसेटच्या पकडपट्ट्या करून घेतल्या, तर तोच ट्रेल ७४ वर येतो. फोर्क एकच, चौकट एकच, पण गाड्या दोन निराळ्या! कारखान्यातील खर्चाआधी कागदावर पाच मिनिटे घालवायला काय हरकत आहे?

स्प्रिंगचेही तसेच. होंडाचे वजन सुमारे २२० किलो, जीएसएक्स-आरचे त्याहून पन्नासेक किलो कमी. हलक्या गाडीची स्प्रिंग जड गाडीखाली जास्त दबते. ब्रेक लावताच नाक आणखी खाली जाते, कोन आणखी उभा होतो आणि ट्रेल नेमका नको त्या वेळी घटतो. स्प्रिंग बदलावीच लागते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. त्या तपशिलात दोन चाकांमधील अंतरही असते, आणि फोर्क बदलला की तेच बदलू शकते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सायकल भिंतीशी सरळ उभी करा. हँडलच्या आसाच्या रेषेत एक लांब काठी जमिनीपर्यंत धरा, चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवरील दोन खुणांमधले अंतर मोजा. मग कोनमापकाने आसाचा कोन घेऊन वरच्या रीतीने तेच उत्तर वहीत येते का, ते मुलांना पाहू द्या.