आधी करंट बघा
 आमच्या जबलपुरात रिमोटचं विमान बांधणारी पोरं हमखास विचारतात, सुकाणू फिरवणारा सर्व्हो डिजिटल घेऊ की अ‍ॅनालॉग? रिमोटचे इशारे पकडणारा रिसीव्हर दोघांनाही साधारणपणे सेकंदाला ५० वेळा हुकूम देतो. अ‍ॅनालॉग तेवढ्याच वेळा आतल्या मोटरला ढकलतो. डिजिटलमधला मायक्रोप्रोसेसर सुमारे ३०० वेळा, म्हणून वाऱ्याच्या दाबातही सुकाणू जागचं हलत नाही. पण तो गुणगुणतो आणि बॅटरीही जास्त खातो. शिकाऊ, फोमच्या विमानाला अ‍ॅनालॉग भरपूर झाला. कसरतीच्या विमानाला डिजिटल जरूर घ्या, पण सर्व्होंना वीज पुरवणारा बीईसी तेवढा करंट देईल ना, ते आधी तपासा. नाहीतर रिसीव्हर हवेतच बंद पडायचा आणि महागडे सर्व्हो विमानासकट मातीत जायचे.